कठीण, बळकट आणि चिवट : धातूंची अग्निपरीक्षा व हिमपरीक्षा

एखादी वस्तू 'मजबूत' आहे असे आपण सहज म्हणून जातो. परंतु मजबूत म्हणजे नेमके काय, असे कोणी विचारले तर उत्तर देताना अडखळतो. काच कठीण आहे, तिच्यावर नखाने ओरखडाही उठत नाही. पण हातातून निसटली की तिचे तुकडे होतात. मोटारीच्या चाकाचे रबर मऊ आहे; पण त्यावर घणाचे घाव घातले तरी ते फुटत नाही. खडूची कांडी उभी धरून दाबली तर बरेच वजन सोसते. तीच दोन बोटांत धरून वाकवली की कट्‌कन मोडते. आपल्या भाषेने हे भेद फार पूर्वी ओळखले आहेत. ज्यावर ओरखडा उठत नाही ते कठीण. जे मोठा भार वाहते ते बळकट. जे वाकून पुन्हा मूळ आकारावर येते ते लवचिक. ओढले, वाकवले, आपटले तरी जे तुटायला दाद देत नाही ते चिवट. आणि जे कोणतीही पूर्वसूचना न देता मोडते ते ठिसूळ.

हे केवळ शब्दांचे खेळ नव्हेत. मनुष्याने आपली यंत्रे आता अशा स्थळी नेली आहेत की जेथे या पाच शब्दांतील भेदावर अनेकांचे प्राण अवलंबून असतात. विमानाच्या जेट यंत्रातील पाती लोखंड वितळवणाऱ्या भट्टीसारख्या झोतात अहोरात्र फिरतात. अग्निबाणाच्या टाकीत भरलेला द्रवरूप हायड्रोजन शून्याखाली २५३ अंश सेल्सियस इतका थंड असतो. अशा ठिकाणी टिकणारे धातू कसे शोधले गेले, आणि त्या शोधात विद्यापीठांतील अध्यापकांचा व विद्यार्थ्यांचा वाटा कोणता, हे प्रस्तुत लेखात थोडक्यात सांगावयाचे आहे.

भंगलेली जहाजे

या विषयाचा एक मोठा धडा मनुष्याला समुद्राने शिकवला. दुसऱ्या महायुद्धात अन्न, दारूगोळा आणि वाहने समुद्रापार पोहोचवण्यासाठी अमेरिकेला अल्पावधीत असंख्य जहाजे हवी होती. १९४१ ते १९४५ या काळात तेथील गोद्यांनी 'लिबर्टी' या एकाच जातीची २,७१० जहाजे बांधली. पूर्वी जहाजाचे पोलादी पत्रे रिव्हेट ठोकून जोडीत असत. त्यास फार वेळ लागे. म्हणून या जहाजांचे पत्रे वेल्डिंगने, म्हणजे कडा वितळवून एकजीव करून, जोडण्यात आले. काम झपाट्याने होऊ लागले. पण लवकरच एक विलक्षण संकट उभे राहिले.

१६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातील पोर्टलंड येथे 'स्केनेक्टडी' नावाचे नवे तेलवाहू जहाज चाचणीची सफर आटोपून गोदीत बांधून ठेवले होते. पाणी शांत होते. वादळ नव्हते, पाणसुरुंग नव्हता, शत्रूची पाणबुडीही नव्हती. हवा मात्र गोठणबिंदूच्या आसपास थंड होती. रात्री अकस्मात प्रचंड आवाज झाला. जहाजाचा वरचा तक्ता आणि दोन्ही कुशी मधोमध फाटून केवळ तळाच्या पत्र्यांचा आधार उरला. दोन्ही टोके खाली बसली आणि मधला भाग पाण्यावर उचलला गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात अलास्काच्या बाजूस 'जॉन पी. गेन्स' हे लिबर्टी जहाज दुभंगले आणि दहा माणसांना प्राणास मुकावे लागले. अशा लहानमोठ्या भेगांच्या बातम्या निरनिराळ्या जहाजांवरून येऊ लागल्या.

दोष प्रथम वेल्डिंगवर आणि ते करणाऱ्या कामगारांवर आला. तसे होणे स्वाभाविक होते. नवी गोष्ट तीच होती. परंतु केंब्रिज विद्यापीठातील एका विदुषीने या प्रश्नाचा मुळापासून शोध घेतला. त्यांचे नाव कॉन्स्टन्स टिपर. त्यांचा जन्म १८९४ चा. १९२० नंतरच्या दशकात त्यांनी जेफ्री टेलर या थोर शास्त्रज्ञाबरोबर धातूंचे स्फटिक ताणाखाली कसे विकृत होतात यावर मूलगामी काम केले होते. फुटलेल्या जहाजांच्या पोलादाचे नमुने घेऊन त्यांनी ते निरनिराळ्या तापमानांस तोडून पाहिले. निष्कर्ष असा निघाला की, जे पोलाद उबदार हवेत वाकते, ताणले जाते आणि चिवटपणे तुटते, तेच पोलाद एका विशिष्ट तापमानाखाली काचेसारखे तडकते. दोष केवळ जोडणीचा नव्हता. थंडीने खुद्द पोलादाचा स्वभावच पालटत होता.

मग वेल्डिंगचा काहीच संबंध नव्हता काय? होता, पण वेगळा. रिव्हेटांनी जोडलेल्या जहाजात एका पत्र्यात भेग पडली तर ती त्या पत्र्याच्या कडेशी येऊन थांबे. पुढचा पत्रा स्वतंत्र असे. एकजीव झालेल्या जहाजात तिला अडवणारी कडाच उरली नव्हती, म्हणून ती एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत अखंड धावत जाई. भेगेची सुरुवात पुष्कळदा तक्त्यावरील चौकोनी झरोक्याच्या टोकदार कोपऱ्यापाशी होई. कारण समजल्यावर उपायही सुचले. कोपरे गोलसर करण्यात आले, भेग अडवण्यासाठी मध्ये रिव्हेटांचे पट्टे बसवण्यात आले आणि पुढे पोलादातील कर्बाचे प्रमाण कमी व मँगनीजचे अधिक ठेवण्याकडे लक्ष दिले जाऊ लागले. आज थंड समुद्रात जाणाऱ्या जहाजाचे पोलाद थंड करून, त्यावर लोलकाचा हातोडा आदळून, त्याची परीक्षा घेतल्यावाचून वापरीत नाहीत.

आपल्या शाळेतील विद्यार्थिनींनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कॉन्स्टन्स टिपर यांनी आपले शिक्षण केंब्रिजमध्ये घेतले तेव्हा ते विद्यापीठ स्त्रियांना पदवीच देत नसे. पूर्ण पदवी देण्यास त्याने १९४८ साली आरंभ केला. पुढच्याच वर्षी, १९४९ मध्ये, टिपरबाई तेथील अभियांत्रिकी शाखेत रीडर झाल्या. त्या शाखेतील पूर्णवेळ अध्यापकांत त्या काळी त्या एकट्याच स्त्री होत्या. १०१ वर्षांचे आयुष्य भोगून १९९५ मध्ये त्या निवर्तल्या.

चिरेचे सामर्थ्य

चौकोनी कोपऱ्यापाशीच भेग का पडावी? याचे उत्तर कापडाच्या दुकानात मिळते. दुकानदार तागा मोजतो, कडेला कात्रीने जरासा काप देतो आणि दोन्ही हातांनी झर्रकन कापड फाडतो. काप न देता तेच कापड फाडू पाहिले तर मनगट दुखेल, पण धागा तुटणार नाही. इवलासा काप ही किमया कशी करतो?

पाण्याच्या प्रवाहात खांब आला की पाणी त्याच्या बाजूंनी दाटी करून जाते. पदार्थातून वाहणारा ताणही असाच आहे. मध्ये भोक किंवा चीर आली की तो तिच्या टोकाशी दाटतो. केंब्रिजच्या चार्ल्स इंग्लिस यांनी १९१३ साली गणिताने दाखवून दिले की, चीर जितकी लांब आणि तिचे टोक जितके तीक्ष्ण, तितका तेथील ताण अनेक पटींनी वाढतो. इंग्लंडमधील फार्नबरो येथे विमानांवर संशोधन करणाऱ्या ॲलन ग्रिफिथ यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात हा विचार पुढे नेला. काच इतकी दुबळी का, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी काचेचे बारीक तंतू ओढले आणि ते तोडून पाहिले. तंतू जितका बारीक तितकी त्याची बळकटी अधिक, असे आढळले. मोठ्या काचेत सूक्ष्म चिरा असतातच; बारीक तंतूत मोठी चीर मावतच नाही. म्हणजे वस्तू किती भार सोसते हे तिच्या अणूंच्या परस्पर आकर्षणावरच नव्हे, तर तिच्यातील दोषांवर आणि त्या दोषांना ती कशी वागवते यावर अवलंबून असते.

चिवटपणाचा खरा अर्थ येथे स्पष्ट होतो. निर्दोष वस्तू जगात नाही. प्रत्येक पत्र्यात, प्रत्येक खांबात कोठेतरी एखादी चीर असणारच. चीर असूनही जो पदार्थ तिला पुढे धावू देत नाही, तो चिवट.

आतले स्वरूप

धातू चिरेला कसा अडवतो हे कळण्यासाठी त्याच्या अंतरंगात डोकावले पाहिजे. धातूतील अणू कवायतीच्या रांगांप्रमाणे ओळीने मांडलेले असतात. धातू वाकतो तेव्हा अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात. पण सगळा थर एकदम सरकत नाही. जमिनीवर अंथरलेली जड सतरंजी ओढून हलवणे कठीण. पण एका कडेला सुरकुती पाडून ती सुरकुती दुसऱ्या कडेपर्यंत ढकलत नेली, तर सतरंजी अल्पशा श्रमात बोटभर पुढे सरकते. धातूच्या स्फटिकातही अशा सुरकुत्या असतात. शास्त्रज्ञ त्यांस स्थानभ्रंश म्हणतात. ही कल्पना १९३४ साली जेफ्री टेलर, इगॉन ओरोवान आणि मायकेल पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे मांडली.

चिरेच्या टोकाशी ताण दाटला की तेथील स्थानभ्रंश हलू लागतात, धातू किंचित वाहतो आणि चिरेचे तीक्ष्ण टोक बोथट होते. टोक बोथट झाले की ताणही विसावतो. हा चिवट धातूचा मार्ग. स्थानभ्रंश हललेच नाहीत तर टोक तीक्ष्णच राहते आणि चीर वेगाने पुढे धावते. हा ठिसूळपणाचा मार्ग.

नेहमीच्या लोखंडाची अणुरचना अशी की, कल्पनेतील घनाच्या आठ कोपऱ्यांवर एकेक अणू आणि अगदी मध्यभागी एक. या रचनेत स्थानभ्रंशांना हलण्यासाठी उष्णतेची थोडी मदत लागते. थंडीने ती मदत काढून घेतली की ते जागीच खिळतात. निकल, तांबे, ॲल्युमिनियम यांची रचना निराळी आहे. त्यांत कोपऱ्यांवर अणू असतातच, शिवाय घनाच्या सहाही बाजूंच्या मध्यावर एकेक अणू असतो. या रचनेत स्थानभ्रंश कडाक्याच्या थंडीतही सहज सरकतात. म्हणूनच अतिशीत द्रव साठवण्यासाठी ॲल्युमिनियमचे मिश्रधातू किंवा भरपूर निकल घातलेले पोलाद वापरतात. जहाजांच्या अपघाताचे मूळ असे घनाच्या मध्यातील एका अणूपर्यंत जाऊन पोहोचते.

संथपणे रांगणारा धातू

आता दुसऱ्या टोकाकडे, उष्णतेकडे वळू. जुन्या फडताळाची पुस्तकांनी भरलेली फळी वर्षानुवर्षांत मध्ये झुकते, हे सर्वांनी पाहिले आहे. भार वाढलेला नसतो. केवळ काळ लोटलेला असतो. स्थिर भाराखाली पदार्थाने असे हळूहळू लांबत जाणे यास इंग्रजीत 'क्रीप' म्हणतात. मराठीत आपण 'रांगणे' म्हणू. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात एडवर्ड आंद्रादे या तरुण संशोधकाने शिशाच्या तारांना वजने टांगून त्यांची लांबी चिकाटीने मोजली आणि १९१० साली या रांगण्याचे नियम प्रसिद्ध केले. शिशाची निवड अचूक होती. शिसे ३२७ अंशांस वितळते. निरपेक्ष शून्यापासून मोजल्यास, ते वितळण्यासाठी लागणाऱ्या तापमानाच्या निम्मे तापमान आपल्या खोलीतच असते. शिशाच्या दृष्टीने आपली खोली हीच एक भट्टी आहे!

त्या वेळी हा अभ्यास केवळ जिज्ञासेचा वाटला असेल. तीस वर्षांनी त्याची निकड भासली. फ्रँक व्हिटल यांचे जेट यंत्र १९३७ च्या एप्रिलमध्ये प्रथम चालले आणि त्यावर उडणारे ब्रिटिश विमान १५ मे १९४१ रोजी आकाशात गेले. या यंत्रात तप्त वायूच्या झोताने पात्यांचे चक्र प्रचंड वेगाने फिरते. पाती तापून लाल होतात आणि फिरण्यामुळे प्रत्येक पाते मोठ्या जोराने बाहेर ओढले जाते. साध्या पोलादाचे पाते अशा स्थितीत रांगू लागते, लांबते आणि भोवतालच्या आवरणाला घासते. तसे झाले की यंत्राचा नाश आणि वैमानिकाच्या जिवाला धोका. यावर तोडगा म्हणून ब्रिटनमध्ये १९४१ च्या सुमारास 'निमोनिक ८०' हा मिश्रधातू तयार झाला. त्यात मुख्य भाग निकलचा, सुमारे पंचमांश क्रोमियम, आणि थोडे टायटॅनियम व ॲल्युमिनियम. हे 'थोडे'च महत्त्वाचे. निकल आणि ॲल्युमिनियम यांच्या संयोगातून धातूच्या पोटात असंख्य सूक्ष्म कण तयार होतात. सतरंजीच्या सुरकुतीपुढे जागोजाग खुंट्या ठोकाव्यात तसे ते कण स्थानभ्रंशांना अडवतात. या कणांचा विशेष असा की, तापमान वाढले तरी एका मर्यादेपर्यंत त्यांची बळकटी कमी न होता वाढत जाते.

तरीही एक दुबळे स्थान उरलेच. सामान्य धातू हा एकसंध स्फटिक नसतो. लहान लहान स्फटिककण एकमेकांस चिकटून तो बनतो, आणि उष्णतेत त्या कणांच्या सीमांवरूनच तो प्रथम सरकतो. मग सीमाच नाहीशा केल्या तर? संशोधकांनी साच्यातील धातू एका टोकाकडून सावकाश थंड करण्याची युक्ती योजली. त्यामुळे स्फटिककण पात्याच्या लांबीच्या दिशेनेच वाढले. नंतर साच्याच्या तळाशी एक पिळदार अरुंद वाट ठेवण्यात आली. त्या वाटेतून अनेक स्फटिकांपैकी एकच वर पोहोचतो आणि सारे पाते त्या एकाच स्फटिकाचे घडते. १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभी अशी पाती प्रवासी विमानांत आली. त्यांच्या पोटात हवेच्या बारीक नळ्या असतात आणि अंगावर उष्णतारोधक लेप असतो. त्यामुळे ज्या वायूत ती फिरतात तो त्या धातूच्या वितळणबिंदूहून अधिक तप्त असला तरी ती टिकतात. आपण विमानात बसून खिडकीतून ढग पाहत असतो, तेव्हा काही हातांच्या अंतरावर हा चमत्कार अखंड चाललेला असतो.

पाच धातूंचे सहभोजन

आतापर्यंत सांगितलेल्या मिश्रधातूंत एक धातू यजमान आणि बाकीचे पाहुणे. पोलादात लोखंड यजमान, निमोनिकात निकल. काशात, पितळेत तांबे. आपल्या मूर्तिकारांच्या पंचधातूतसुद्धा पाच धातू असले तरी बव्हंशी तांबेच असते. सहस्रावधी वर्षे माणसाने मिश्रधातू याच रीतीने केले. पाच धातू समान वाट्याने एकत्र आणले तर काय होईल, हा प्रश्न कोणी नेटाने विचारलाच नव्हता. उत्तर सर्वांनी गृहीत धरले होते : निरनिराळी संयुगे होऊन एक ठिसूळ ढेकूळ हाती येईल.

ब्रायन कँटर यांना मात्र ही समजूत स्वस्थ बसू देईना. १९८१ साली इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठात त्यांनी आपल्या एका विद्यार्थ्याकडून वीस मूलद्रव्ये समभागाने वितळवून घेतली. ढेकूळ खरोखरच ठिसूळ निघाले. पण बारकाईने पाहता त्यात एका जातीचे स्फटिक आढळले, ज्यांत क्रोमियम, मँगनीज, लोखंड, कोबाल्ट आणि निकल हे पाच धातू गुण्यागोविंदाने नांदत होते. तेवढेच पाच घेऊन मिश्रण केले, तेव्हा एकच साधी, घनाच्या बाजूंवर अणू असलेली रचना मिळाली. इकडे तैवानच्या राष्ट्रीय त्सिंग हुआ विद्यापीठात प्राध्यापक येह जियेन-वेई यांनी १९९५ च्या सुमारास स्वतंत्रपणे हाच मार्ग धरला. दोघांचेही निबंध २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. येह यांनी या वर्गाला 'उच्च एन्ट्रॉपीचे मिश्रधातू' असे नाव दिले. एन्ट्रॉपी म्हणजे अव्यवस्थेचे माप. अनेक प्रकारचे अणू एकत्र मिसळण्याचे असंख्य मार्ग असतात, आणि त्या सरमिसळीमुळेच साध्या रचनेला स्थैर्य लाभते, ही त्यामागील कल्पना. एका वर्षापूर्वी, २००३ मध्ये, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक एस. रंगनाथन यांनी 'करंट सायन्स' या नियतकालिकात अशा बहुधातू मिश्रणांकडे जगाचे लक्ष वेधले होते, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे.

या धातूंचा खरा कस थंडीत लागला. अमेरिकेतील बर्कली येथील प्राध्यापक रॉबर्ट रिची आणि ओक रिज येथील ईझो जॉर्ज यांच्या गटांनी २०१४ साली दाखवले की, वरील पाच धातूंचा मिश्रधातू शून्याखाली १९६ अंशांसही चिवट राहतो. पुढे त्यांनी मँगनीज व लोखंड वगळून क्रोमियम, कोबाल्ट आणि निकल या तिघांचेच समभाग मिश्रण घेतले. ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांच्या साहाय्याने ते शून्याखाली २५३ अंशांस, म्हणजे द्रव हायड्रोजनाच्या तापमानास, तोडून पाहिले. २०२२ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेला निकाल थक्क करणारा होता. चिरेला होणारा विरोध मोजण्याचे जे माप अभियंते वापरतात, त्या मापाने सिलिकॉनचा चिवटपणा सुमारे १, विमानाच्या सांगाड्यातील ॲल्युमिनियमचा ३५, उत्तमोत्तम पोलादांचा १०० च्या आसपास भरतो. या मिश्रधातूचा चिवटपणा ४५९ भरला. आणि नवल असे की, थंडी वाढली तसा तो कमी न होता वाढला.

हे कसे घडले? थंडी वाढत गेली की या धातूत ताण सोसण्याच्या रीती एकामागून एक पुढे येतात. आधी स्थानभ्रंश सरकतात. ते एकमेकांत गुंतून अडले की अणूंच्या थरांची मांडणी जागोजाग बदलते. मग स्फटिकाचा काही भाग आरशातील प्रतिबिंबासारखा उलटा मांडला जातो. त्यास जुळे स्फटिक म्हणतात. शेवटी काही ठिकाणी रचनाच पालटून षट्कोनी होते. एक फळी मोडली तर दुसरी उभी, दुसरी थकली तर तिसरी, अशी ही झुंज चालते आणि चिरेला मोकळी वाट मिळत नाही. १९४३ मध्ये ज्या थंडीने पोलादाचा घात केला, तिच्याहून कितीतरी कडक थंडीत हा धातू अधिक खंबीर होतो.

अर्थात सर्व प्रश्न सुटले असे नव्हे. कोबाल्ट महाग आहे. प्रयोगशाळेतील लहानशा नमुन्यापासून मोठी टाकी घडवणे हे निराळेच काम आहे. शिवाय अतिशय उष्ण जागी निराळेच धातू लागतात. नायोबियम, टँटलम, टायटॅनियम व हाफनियम यांच्या एका मिश्रधातूवरील काम बर्कलीच्याच गटाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. शून्याखाली १९६ अंशांपासून १,२०० अंशांपर्यंत त्याची परीक्षा घेण्यात आली. एरवी या जातीचे धातू साध्या हवेतच ठिसूळ असतात. हा मात्र अपवाद ठरला.

आपल्या भूमीतील धागा

हैदराबादच्या परिसरात राहणाऱ्या आपल्याला हा विषय परका नाही. निजामाबाद जिल्ह्यातील कोनसमुद्रम या गावी पूर्वी मुशीत पोलाद तयार होत असे आणि ते विकत घेण्यास इराणचे व्यापारी येत. तेलुगू-कन्नडमधील 'उक्कू' या शब्दावरूनच युरोपीयांनी त्याला 'वूट्झ' म्हटले. त्यात दीड टक्क्याच्या आसपास कर्ब असे. दमास्कसच्या नावाने गाजलेल्या तलवारी अशाच पोलादाच्या. त्याचे रहस्य शोधता शोधता मायकेल फॅरडे यांनी जेम्स स्टोडार्ट यांच्यासह पोलादात निरनिराळे धातू मिसळून पाहिले आणि १८२० व १८२२ मध्ये ते प्रयोग प्रसिद्ध केले. मिश्र पोलादाच्या शास्त्राची ही पहिली पावले होत. आपल्या गावच्या मुशीने लंडनच्या प्रयोगशाळेला प्रश्न दिला, असे म्हणण्यास हरकत नाही.

आज त्याच हैदराबादेत संरक्षण खात्याची धातुसंशोधन प्रयोगशाळा आहे. एकस्फटिकी पात्यांची विद्या मोजक्याच देशांना अवगत आहे आणि ती कोणी सहजासहजी देत नाही. या प्रयोगशाळेने ती स्वतः साध्य केली, आणि अशी साठ पाती हेलिकॉप्टरच्या यंत्रासाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सला दिल्याचे २०२१ च्या एप्रिलमध्ये जाहीर झाले. द्रव हायड्रोजनावर चालणाऱ्या भारतीय यंत्राने ५ जानेवारी २०१४ रोजी आपले अग्निबाण प्रथम यशस्वीपणे अवकाशात नेले. त्यामागेही अतिशीत स्थितीत न तडकणाऱ्या धातूंची साधना आहेच.

करून पाहण्याजोगे

विद्यार्थिमित्रहो, हे सारे वाचून समाधान मानू नका. तीन सोपे प्रयोग घरी होण्यासारखे आहेत.

पहिला : कागदाच्या समान रुंदीच्या तीन पट्ट्या घ्या. एक तशीच ठेवा. दुसरीच्या मध्यावर कडेला कात्रीने बारीक काप द्या. तिसरीला तसाच काप देऊन त्याच्या टोकाशी पंचिंग यंत्राने गोल भोक पाडा. तिन्ही ओढून तोडा. कोणती आधी तुटली? तिसरी दुसरीहून अधिक टिकते की नाही, हे दहा-दहा पट्ट्या घेऊन ठरवा. एका प्रयोगावरून निष्कर्ष काढू नका. चिरेच्या टोकाशी भोक पाडून ती थांबवण्याची रीत कारागीर आजही वापरतात.

दुसरा : तांब्याची उघडी तार एकाच जागी पुनःपुन्हा वाकवा. ती हळूहळू ताठ होत असल्याचे बोटांना जाणवेल. स्थानभ्रंश एकमेकांत गुंतत असल्याची ती खूण. मोडण्यापूर्वी थांबा आणि वडील माणसांच्या देखत ती चिमट्याने धरून ज्योतीत लाल होईपर्यंत तापवा. निवल्यावर ती पुन्हा मऊ झालेली आढळेल.

तिसरा आंद्रादे यांचाच : डाख देण्याची बारीक तार हातभर घेऊन खुंटीला टांगा, खाली सुमारे अर्ध्या किलोचे वजन बांधा आणि दोन खुणांमधील अंतर रोज ठराविक वेळी मोजून वहीत लिहा. तारेत शिसे असण्याचा संभव असल्याने हाताळल्यावर हात धुवावेत. आठवड्याने त्या आकड्यांचा आलेख काढा. पहिल्या दिवशीची वाढ आणि नंतरच्या दिवसांची वाढ सारखी आहे काय? जर नसेल, तर का नाही? शाळेच्या प्रयोगशाळेत येऊन आपल्या शिक्षकांना तो आलेख दाखवा आणि हा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवा.